अजून जरा माल्ट हवा

माझी बायको माझी बिअर मुद्दाम बिघडवते आहे, अशी डिसेंबर संपेपर्यंत माझी खात्री पटली होती. उगाच कोणावर आळ घेणारा माणूस मी नाही. विमा कंपनीत जन्मभर मोटारींचे क्लेम तपासले. गाडी झाडावर आपटली म्हणून कोणी आला की मी म्हणायचो, चला, आधी झाड दाखवा. झाडाची साल शाबूत निघाली की माणूस तिथेच निम्मा ढिला पडायचा. ऑफिसात मला मागून शंकासुर म्हणायचे आणि ते मला ठाऊक होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. शंका घ्यायचाच मला पगार मिळत होता.

पगार थांबला, शंका थांबल्या नाहीत. रिटायर झाल्यावर मी घरातच तपासणी सुरू केली. दूध पातळ का लागतं, कामवाली भांड्यांचा साबण एवढा कुठे संपवते, शुभा भाजीवाल्याशी इतका वेळ काय बोलते. शुभा म्हणजे माझी बायको. तिने शेवटी पुण्याला फोन करून लेकीला सांगितलं, ‘तुझ्या बाबांना काहीतरी उद्योग शोध, नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येते.’ आमची गंधाली व्यवहारी मुलगी. तिने घरच्या घरी बिअर करायचं सगळं सामान खोक्यात भरून पाठवून दिलं.

खोकं उघडल्यावर शुभाने घर डोक्यावर घेतलं. ज्या घरात देवाचा नैवेद्य होतो त्या घरात दारूची भट्टी लावायची? मी म्हटलं, ही दारू नाही, बिअर आहे. ‘हो का? मग गणपतीपुढे ठेवू का वाटीत?’ ती म्हणाली. पण घरात आलेली वस्तू नुसती पडून राहिलेली तिला बघवत नाही. दोन दिवसांनी पाहुण्यांचं बाथरूम मला मिळालं. अट एकच होती, सोसायटीत कोणाला कळता कामा नये.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेची, तिथे असं काही लपणं कठीण. धान्य उकळायला लागलं की वास थेट लिफ्टपर्यंत जातो. सेक्रेटरी रत्नप्रभाताईंनी एकदा जिन्यात थांबून विचारलंच. ‘नाचणीचं सत्त्व करतेय, ह्यांच्या हाडांसाठी,’ शुभा चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली. तसं ते फार खोटं नव्हतं. माल्ट म्हणजे तरी काय, मोड आणून वाळवलेले जव. सत्त्वाला आपण नाचणीचं तेच करतो, फक्त ते बाळाला पाजतो. पण आपली बायको इतक्या सफाईने थाप मारू शकते, हे मी त्या दिवशी मनात टिपून ठेवलं.

मला करायची होती ब्राउन एल नावाची बिअर. तांबूस तपकिरी रंग, कडवटपणा बेताचा, आणि घोट गिळल्यावरही भाजक्या धान्याची, म्हणजे माल्टची, चव तोंडात रेंगाळली पाहिजे. पहिल्या खेपांना रंग आला, चव आली नाही. समोरच्या फ्लॅटमधला किरण, हा या कटातला आमचा एकुलता भागीदार, ग्लास खिडकीच्या उजेडात धरून म्हणाला, ‘भाऊ, कलर एकदम झकास. पण यार, माल्ट कुठाय? कडू पाणी पितोय असं वाटतं.’

मग कृतीत दुरुस्त्या सुरू झाल्या. कडवटपणासाठी घालतात ती हॉप्सची फुलं मी निम्मी केली. धान्य भिजवायचं पाणी थोडं जास्त गरम ठेवायला लागलो, म्हणजे सगळी साखर यीस्ट खाऊन टाकत नाही, थोडा गोडवा मागे राहतो. आणि माल्टमधला एक वाटा कढईत भाजून घ्यायचा ठरवला. व्हिडिओत सांगितला होता तेवढा वेळ फोनवर लावून मी कालथा घेऊन कढईपुढे उभा राहिलो. शुभा बाहेरच्या खोलीत गवार मोडत बसली होती. तिथूनच ओरडली, ‘उतरवा! करपेल आता!’

‘अजून वेळ आहे,’ मी फोन दाखवत म्हणालो.

ती उठून आली, गॅस बंद केला, कढई खाली उतरवली आणि पुन्हा जाऊन गवार मोडायला लागली. मी दाणे बघितले. एकसारखे बदामी, जरा पुढे गेले असते तर काळे पडले असते. त्या दिवसापासून माझ्या बिअरला शुभाचं नाक लागलं.

हे नाक तिने नैवेद्यावर कमावलं आहे. देवाला दाखवायचं ते आधी चाखायचं नाही, चाखलं की उष्टं झालं. सणावाराला पुरणापासून अळूच्या फदफद्यापर्यंत सगळं ती जिभेवर कणही न ठेवता करते, आणि मीठ कमी पडलं तर नुसतं झाकण उघडून ओळखते. माझी बहीण जया एकदा कुरकुरली होती की नैवेद्याचा वाससुद्धा घेऊ नये म्हणतात. ‘मी कुठे घेते? तो येतो,’ शुभा म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिने नैवेद्याआधी काही तोंडात टाकलेलं मी पाहिलं नाही. आणि तुम्हाला सांगायला नको, मी अधूनमधून पाळत ठेवलेली आहे.

बिअरच्या थेंबाला ती शिवत नाही. ग्लासावर वाकते, डोळे मिटते आणि निकाल देते. तिच्या सांगण्यावरून मी भाजकं धान्य वाढवलं, मग थोडं कमी केलं, हॉप्स उकळीला उशिरा घातली. पावसाळा संपता संपता जी खेप बाटल्यांत भरली ती उघडल्यावर शुभा ग्लासावरून उठेचना. लग्नानंतर आम्ही काही वर्षं पार्ल्याला भाड्याच्या खोलीत राहायचो, आणि तिथे संध्याकाळी सगळ्या गल्लीत बिस्किटं भाजल्याचा वास भरून राहायचा. ‘ही पार्ल्याची संध्याकाळ आहे हो,’ ती म्हणाली. किरणने तिसरा ग्लास मागितला. मी त्या दिवशी इतका खूश होतो की दूधवाल्यालाही काही बोललो नाही.

खरं सांगायचं तर त्या कढईपाशी आम्ही दोघं जेवढं बोललो, तेवढं मागच्या कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. नोकरीत मी सकाळी जायचो तो अंधार पडल्यावर यायचो, आणि आल्यावर बातम्या लावायचो. आता सकाळी चहा झाला की मी हाक मारायचो, ‘शुभा, ये गं, जरा वास घे.’ ती हात पुसत यायची. मला ते फार आवडायला लागलं होतं. म्हणूनच पुढे जे झालं ते एवढं झोंबलं.

दिवाळीत आम्हा दोघांनाही ताप येऊन गेला. माझा तीन दिवसांत उतरला, शुभाचा जरा रेंगाळला. त्याच वेळी डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं आणि साखर काठावर आहे म्हणून सांगितलं. घरी येताना रिक्षात शुभा म्हणाली, ‘आता ते बिअरचं प्रकरण पुरे करा.’ मी ‘बघू’ म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही. शुभा वाद अर्धवट सोडणारी बाई नाही, तेव्हा माझ्या डोक्यात पहिली घंटा वाजली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या खेपेला ती नेहमीसारखी कढईपाशी आली. दाणे बदामी झाले, मी तिच्याकडे पाहिलं. ‘अजून नाही,’ ती म्हणाली. दाणे तांबडे झाले. ‘अजून नाही.’ मला डोळ्यांनी दिसत होतं की पुढे जातंय, पण आजवर तिचं चुकलं नव्हतं, म्हणून मी भाजत राहिलो. मग धान्याचं पाणी उकळत असताना ती पातेल्यावर वाकली. ‘वास येत नाही नीट. अजून जरा माल्ट हवा.’ मी वाढवला. पुन्हा वाकली. ‘अजून जरा.’

ती खेप तयार झाली तेव्हा तिला कृष्णमुखी कांती आली होती. किरणने एक घोट घेतला, थांबला, आणि म्हणाला, ‘भाऊ, हे खोकल्याला चांगलं असेल.’

‘वहिनीला विचारून केलंय,’ मी म्हणालो.

‘मग वहिनीला आपण पिणं बंद करावं असं वाटत असेल,’ तो हसत म्हणाला. तो बिचारा थट्टेत बोलला. मी मात्र घरी येऊन तेच डोक्यात घोळवत बसलो. हेतू होता, साखरेचा. संधी होती, नाकाची. आणि ओरडून भांडण्यापेक्षा गोडीगुलाबीने वाट लावणं हे शुभाच्या स्वभावात बसत होतं.

एकदा शंका आली की पुरावा मागावा लागत नाही, तो चालत येतो. ती मला पाहून फोन ठेवायला लागली. पलीकडे गंधाली असायची, ‘बाबा आले, नंतर बोलते’ एवढं कानावर पडायचं. एका दुपारी बाथरूममध्ये एक बाटली फुटली. पॅसेजभर आंबूस भपकारा सुटला, मी आतल्या खोलीतून धावत आलो, आणि शुभा त्याच पॅसेजमधून वाळलेले कपडे घेऊन आरामात चालत गेली. नाकाला पदर नाही, ओरडा नाही. एरवी शेजाऱ्यांचे बोंबील तिला आमच्या बेडरूममध्ये सहन होत नाहीत. मनातून खूश झाली असणार, मी म्हटलं.

आणि मग त्या डब्या. देवघराच्या खणात वाती शोधताना मला चार छोट्या स्टीलच्या डब्या सापडल्या. एकीत लवंगा, एकीत कॉफीची पूड, एकीत कापूर, एकीत लिंबाची वाळकी साल. मी त्या होत्या तशा ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी दाराआडून पाहिलं. शुभा देवापुढे बसून एकेक डबी नाकाशी धरत होती, डोळे मिटून, ओठ काहीतरी पुटपुटत. कोणा बाबाने सांगितलेला तोडगा असावा, नवऱ्याचं पिणं सुटण्यासाठी. लगेच मी बाथरूममध्ये जाऊन मुरत ठेवलेल्या बिअरचा वास घेतला. लवंगेचा येतोय असं मला वाटलं. कापराचाही.

बिअर बिघडली तर बिघडली. पुन्हा करता येते. पण शुभा माझ्याशी खोटं बोलते आहे, तेही त्या कढईपाशी उभी राहून, हे मला सहन होईना. जिच्या शब्दावर मी डोळे मिटून गॅस बंद करत होतो, तीच मला बनवत असेल तर या घरात माझं कोण उरलं? असलं काही मी कोणाला बोलून दाखवणाऱ्यांतला नाही. मी सापळा लावला.

जानेवारीतल्या एका सकाळी कोरा चहा केला, चांगला गार होऊ दिला आणि बिअरच्या ग्लासात ओतला. रंग हुबेहूब. वर जरा फेस दिसावा म्हणून चमच्याने घुसळला. मग नेहमीसारखी हाक मारली. ‘शुभा, ये गं, नव्या खेपेचा जरा वास घे.’

ती हात पुसत आली. ग्लासावर वाकली, डोळे मिटले. बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, ‘हं. आधीपेक्षा बरी आहे. पण अजून जरा माल्ट हवा.’

मी हसलो. चोर पकडल्यावर मला असंच हसू यायचं. ग्लास आत नेला आणि चहा मोरीत ओतून दिला. झाडाची साल शाबूत होती. आता फक्त तोंडावर विचारायचं बाकी होतं, पण सव्वीस जानेवारी जवळ आली होती आणि तिच्या मागे पूजेची गडबड होती. ते पार पडू दे, मग बघतो, असं मी ठरवलं. हातात पुरावा असला की मी घाई करत नाही.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे सकाळी झेंडावंदन होतं आणि मग खाली मांडवात सत्यनारायण. प्रसादाचा शिरा सोसायटी स्थापन झाल्यापासून शुभाच करते. सव्वा किलो रवा, त्याच मापाने तूप, साखर, दूध, केळी. मापं ठरलेली आहेत, ती कोणीही घेईल. खरं काम आहे रवा भाजण्याचं. तो कच्चा राहिला तर शिरा चिकट होतो, पुढे गेला तर कडवट. शुभाचा रवा कधी चुकला नाही. पूजेला न आलेली माणसंही प्रसादाला बरोबर हजर होतात. त्यांची नावं मला माहीत आहेत.

त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार सकाळपासून लोटलेलं होतं. मी खाली खुर्च्या लावत होतो. कथेचा तिसरा अध्याय सुरू झाला तेव्हा रत्नप्रभाताई म्हणाल्या, ‘भाऊ, तुळशी वरच राहिल्या वाटतं. शुभाताईंकडून घेऊन या ना, शिराही खाली आणायला लागा.’ मी वर गेलो. लॅचची किल्ली होती, बेल वाजवली नाही. सवयच आहे माझी, बेल न वाजवता शिरण्याची.

शुभा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. पुढे शिऱ्याचं मोठं पातेलं. तिने चमच्यावर थोडा शिरा घेतला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला. मग पुन्हा थोडा घेतला, पातेल्याच्या तळाकडचा, आणि तोही तोंडात टाकला.

माझ्या हातातली किल्ली खाली पडली.

ती वळली. चमचा हातातच होता. पकडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पकडल्यावर माणूस आधी चिडतो. शुभा चिडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘उष्टा झाला.’

‘तू चाखलास? नैवेद्याचा?’

‘करपलाय की काय ते कळेना. कडू लागतो का एवढंच पाहिलं.’

‘चाखून? तुला तर वासावरून…’

‘मला वास येत नाही,’ ती म्हणाली. ‘दिवाळीच्या तापापासून. कसलाच नाही.’

मला सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की ही आणखी एक थाप. मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. खालून माइकवर गुरुजींचा आवाज येत होता आणि शुभा चमचा धरून उभी होती, शिक्षा कधी होते याची वाट पाहिल्यासारखी. पॅसेजमधून शांतपणे गेलेली तिची पाठ मला आठवली. त्या डब्या आठवल्या.

‘लवंग, कापूर… तो काय तोडगा होता?’

‘कसला तोडगा? नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलंय. रोज दोन वेळा हुंगायचं आणि मनात म्हणायचं, ही लवंग, ही कॉफी. वास परत येतो म्हणाले. सगळ्यांचा येतोच असं नाही, असंही म्हणाले.’

‘गंधालीला ठाऊक आहे?’

‘तिनेच डॉक्टर शोधून दिला.’

‘आणि मला सांगितलं नाहीस.’ माझा आवाज चढला. ‘इतके दिवस माझ्यासमोर वाकून वास घेतल्याचं नाटक करत होतीस! अजून माल्ट हवा, अजून माल्ट हवा! सरळ सांगायला काय झालं होतं?’

‘काय सांगू?’ आता मात्र तीही चिडली. ‘नोकरीत होतात तेव्हा तुम्ही मला कधी काही विचारलंत? भाजी काय करू हेसुद्धा मीच विचारायची. रिटायर झालात तर माझ्याच मागे लागलात, इतका वेळ कुठे होतीस आणि कोणाशी बोलत होतीस. या मेल्या बिअरपायी पहिल्यांदा तुमचं माझ्यावाचून अडलं. रोज सकाळी हाक मारायला लागलात. शुभा, ये गं. आता नाक गेलं म्हणून सांगितलं असतं तर मारली असती हाक?’

जन्मभर दुसऱ्याला प्रश्न विचारत आलो. मला कोणी असा विचारला नव्हता.

‘आणि नाटक नव्हतं ते,’ ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. ‘मला खरंच वाटायचं, अजून थोडा घातला तर येईल वास. एवढा घालू, एवढा घालू, की कधीतरी यायलाच हवा. पार्ल्याचा आला होता ना एकदा.’

तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लगेच पदराला पुसले, मघाशी तोंड पुसलं तसेच. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. गेलो, पण हात कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून मी पातेल्याचा कान धरून उभा राहिलो. भाजला हात.

‘त्या दिवशी ग्लासात काय होतं?’ तिने विचारलं.

‘कधी?’

‘मागल्या आठवड्यात. तुम्ही हसलात आणि आत जाऊन ओतून दिलंत. बिअर तुम्ही कधी ओतून देत नाही. बिघडलेलीसुद्धा पिता.’

‘चहा,’ मी म्हणालो.

‘कोरा?’

‘कोरा.’

तिने मान हलवली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फडक्याने ते पातेलं उचललं आणि बाजूला ठेवलं. ‘हा आपण घरी खाऊ. उष्टा काही खाली पाठवायचा नाही. रवा आहे डब्यात, दूधही आहे. चौथा अध्याय सुरू झाला का?’

‘होतोय.’

‘मग वेळ आहे.’ तिने धुतलेली कढई गॅसवर ठेवली आणि तूप सोडलं. मग तिचा हात थांबला. ‘पण भाजू कसा? रंगावर मघाशी फसले. घड्याळावर विश्वास नाही माझा.’

‘मी सांगतो,’ मी म्हणालो.

‘तुम्ही?’

‘नाक आहे मला. तुझ्याइतकं नसेल.’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी क्लेम घेऊन आलेल्या माणसाकडे पाहायचो तसंच ते पाहणं होतं. मग तिने रवा कढईत ओतला आणि कालथा फिरवायला लागली. ‘आणि बिअरची कृती पुन्हा आधीसारखी करा,’ ती कढईकडे बघत म्हणाली. ‘किरण भावजी ती गॅलरीतल्या कुंडीत ओततात. मी पाहिलंय. झाड मेलं त्यांचं.’

मी कढईवर वाकलो. आधी नुसता तुपाचा वास आला. मग कच्च्या पिठाचा. मग बराच वेळ मला कळेचना की काही बदलतंय की मला तसं वाटतंय. इतकी वर्षं मी हे घर हुंगत फिरलो, पण रवा कधी भाजून होतो हे मला माहीत नव्हतं. ते तिला माहीत होतं म्हणून मला कधी शिकावं लागलंच नाही. खाली अध्याय संपला, घंटा वाजली. कोणीतरी जिन्यातून हाक मारली, भाऊ, तुळशी! मी हाक ऐकली, पण हललो नाही.

‘आला?’ शुभाने विचारलं.

‘अजून नाही.’

‘आता?’

‘थांब जरा.’

ती भराभर कालथा फिरवत होती. तिची नजर कढईत नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

‘झाला की लगेच सांगा,’ ती म्हणाली. ‘आणि खोटं सांगू नका हं. मला कळणार नाही.’